बोलणे-ऐकणे वर्गात बसून शिकता येते का? (आंतरवैयक्तिक संवादाचा अभ्यासक्रम)

अर्धविराम (मूळ लेखन)

नमस्कार. मी संगणकशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढील सत्रात मुख्य शाखेबाहेरचा एक ऐच्छिक विषय घ्यावा लागतो आणि माझ्यापुढे दोनच पर्याय उरले आहेत: खगोलशास्त्राची ओळख आणि आंतरवैयक्तिक संवाद. पहिल्याची मला आवड आहे. दुसऱ्याची मला गरज आहे, असे माझ्या बहिणीचे मत आहे. समोरच्याचे वाक्य पूर्ण होण्याआधीच मी त्यातली चूक दाखवतो, असे ती म्हणते. (तिचे हे वाक्य मी पूर्ण होऊ दिले होते, याची कृपया नोंद घ्यावी.)

दुसऱ्या विषयाचा आराखडा मी वाचला. श्रवण, देहबोली, स्वतःविषयी किती आणि केव्हा सांगावे, मतभेद हाताळणे, नाती जुळणे आणि विरणे असे घटक आहेत. निम्मे गुण लेखी परीक्षेला आणि उरलेले नोंदवही व प्रात्यक्षिकांना. माझ्या शंका दोन आहेत. बोलायला आपण सगळेच वयाच्या दुसऱ्या वर्षी शिकलो, मग विसाव्या वर्षी त्यासाठी पुन्हा बाकावर का बसायचे? आणि तंत्र शिकून बोलणारा माणूस मला खोटा वाटतो. दूरध्वनीवरचे तक्रार निवारण कर्मचारी 'मी आपली अडचण समजू शकतो' असे म्हणतात, तेव्हा अडचण समजली गेल्याचा अनुभव मला आजवर एकदाही आलेला नाही. ज्यांनी हा विषय घेतला आहे किंवा शिकवला आहे, त्यांनी कृपया लिहावे.

मितभाषी

घ्या.

उंटावरचा शहाणा

मितभाषी यांनी हा विषय पूर्वी घेतला आहे की त्याच्या वाऱ्यालाही ते कधी उभे राहिले नाहीत, हे त्यांच्या प्रतिसादावरून ठरवणे कठीण आहे.

पारिजात

मी हा विषय आठ वर्षांपूर्वी घेतला होता. पहिला महिना माझ्या लेखी वाया गेला, कारण तो सगळा प्रेषक, माध्यम, अडथळा, ग्राहक अशा चौकोन-बाणांच्या आकृत्या काढण्यात संपला. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेली ती कल्पना मुळात तारेतून संदेश बिनचूक कसा पोहोचवावा याविषयीची आहे, आणि त्या कामी ती थोरच आहे; परंतु दोन माणसे एकमेकांवर रुसलेली असताना संदेश बिनचूक पोहोचलेला असतो, अडचण त्याच्या पुढे सुरू होते.

पाचव्या आठवड्यात मात्र एक साधा प्रयोग करायला सांगितला गेला. दोघांनी समोरासमोर बसायचे, एकाने स्वतःला खरोखर सतावणारी एखादी गोष्ट सांगायची आणि दुसऱ्याने स्वतःचे मत मांडण्यापूर्वी ती गोष्ट आपल्या शब्दांत परत सांगायची. पहिला माणूस 'हो, हेच' असे म्हणेपर्यंत दुसऱ्याला पुढे जाण्याची परवानगी नव्हती. माझी जोडीदार तिच्या प्रकल्पाविषयी बोलत होती. मी परत सांगितले की काम वेळेत होत नाही म्हणून तू चिंतेत आहेस. ती म्हणाली, नाही. मी म्हटले, गटातले लोक काम करत नाहीत म्हणून तू चिडली आहेस. तेही नाही. चौथ्या खेपेला कळले की काम वेळेत झालेले होते, कुणी कामचुकारपणाही केला नव्हता, फक्त ते सगळे तिने एकटीने केले आहे हे कुणाच्या लक्षातच आले नव्हते. पहिल्या दोन खेपांना मी जे ऐकले होते ते माझ्या स्वतःच्या प्रकल्पाविषयीचे होते. तो अर्धा तास मी अजून विसरलेले नाही. आकृत्या मात्र परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी विसरले.

दुर्बीण

मी दुसरी बाजू मांडतो. या विषयात मला वर्गात सर्वाधिक गुण होते आणि त्याच सत्रात माझ्या खोलीतील सोबत्याशी माझे बोलणे कायमचे बंद झाले.

असे का झाले, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. या अभ्यासक्रमाने मला नावे दिली. समोरचा माणूस बचावात्मक झाला आहे, त्याने विषय टाळला, त्याने अप्रत्यक्ष आक्रमकता दाखवली, अशी नावे हाताशी आली आणि मी ती भांडणाच्या मध्येच त्याला ऐकवू लागलो. 'तू आता बचावात्मक होतो आहेस' या वाक्याला शांतपणे उत्तर देता येईल असा माणूस मला अद्याप भेटलेला नाही. स्वतःकडे पाहण्यासाठी दिलेला आरसा मी इतरांवर कवडसा पाडण्यासाठी वापरला, आणि परीक्षेत हे कुठेच उघड झाले नाही, कारण परीक्षेत विचारले होते ते अंतराचे चार टप्पे (कोणत्या नात्यात माणसे एकमेकांपासून किती दूर उभी राहतात ते) आणि श्रवणातील अडथळे.

त्यामुळे अर्धविराम यांची दुसरी शंका मला रास्त वाटते. तंत्रे येऊ लागली की माणूस काही काळ असह्य होतो, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

खडूफळा

मी हा विषय बारा वर्षे शिकवते आहे, त्यामुळे माझे मत निःपक्षपाती नाही, हे आधीच मान्य करते.

'बोलायला दुसऱ्या वर्षीच शिकलो' या शंकेला उत्तर म्हणून मी पहिल्या तासाला एक प्रयोग करून घेते. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील पीएच.डी.च्या प्रबंधासाठी तो केला होता. एकाने सर्वांना ठाऊक असलेल्या गाण्याची चाल मनात धरून टेबलावर बोटांनी ठेका वाजवायचा आणि दुसऱ्याने गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्म्या वेळा तरी गाणे ओळखले जाईल. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल वाजत असते आणि ती न ऐकणे त्याला शक्यच नसते. ऐकणाऱ्याच्या वाट्याला मात्र नुसती टकटक येते. बोलायला आपण लहानपणी शिकलो हे खरे. पण आपले बोलणे पलीकडे टकटक म्हणून पोहोचते आहे की चाल म्हणून, हे तपासायला आपल्याला कुणी शिकवलेले नसते.

गुणांविषयी सांगायचे तर मी कुणी किती गोड बोलते यावर गुण देत नाही. सत्राअखेरीस प्रत्येकाने आपल्या एका खऱ्या संभाषणाची दहा मिनिटे, दुसऱ्या व्यक्तीची आधी परवानगी घेऊन, ध्वनिमुद्रित करायची आणि ती शब्दशः, मधल्या थांब्यांसह आणि एकमेकांच्या बोलण्यात घुसण्याच्या जागांसह लिहून काढायची असते. त्या लेखनात स्वतःविषयी काय आढळले हे दाखवले की गुण मिळतात. संभाषण जितके फसलेले, तितका लेख बहुधा चांगला उतरतो.

दुर्बीण यांची तक्रार मात्र मला मान्य आहे. वर्गात ऐंशी-नव्वद मुले असली की जोडीने करायचे प्रयोग गळतात आणि व्याख्या उरतात. म्हणून विषय घेण्यापूर्वी अर्धविराम यांनी वर्गातील संख्या अवश्य विचारावी. आराखड्यातील घटकांपेक्षा ती संख्या अधिक सांगून जाते.

शब्दसंपन्न

एक महत्त्वाची गोष्ट सुटते आहे. आपल्या संवादात शब्दांचा वाटा अवघा ७ टक्के असतो, ३८ टक्के स्वराचा आणि ५५ टक्के देहबोलीचा. हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालेले आहे. तेव्हा विषय घेतल्यास देहबोलीवर सर्वाधिक भर द्यावा.

उंटावरचा शहाणा

म्हणजे या धाग्यावर आपण सारे मिळून ७ टक्केच बोललो आहोत. उरलेले ९३ टक्के कुठे वाचायला मिळतील?

आकडेमोड

शब्दसंपन्न, हे आकडे मीही अनेक वर्षे इतरांना सांगत असे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ते मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील दोन लहान प्रयोगांतून आले आहेत. त्या प्रयोगांत संभाषण नव्हतेच. सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ध्वनिमुद्रित करून ऐकवले होते आणि त्यांतील एका प्रयोगात 'कदाचित' या अर्थाचा एकच शब्द चेहऱ्याच्या छायाचित्रांसोबत ऐकवला होता. बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नावडते, एवढेच ओळखायचे होते. शब्द एक सांगतो आणि स्वर किंवा चेहरा दुसरेच सांगतो, अशा वेळी लोक कशावर विश्वास ठेवतात, हा तिथला प्रश्न होता. भावना आणि आवड-नावड यांच्या पलीकडे हे सूत्र लागू पडत नाही, असे खुद्द मेहराबियन यांनीच सांगून ठेवले आहे. तुमची मैत्रीण तोंड फिरवून 'मी ठीक आहे' म्हणाली, तर ते उपयोगी आहे; तिने तुम्हाला गाडीची वेळ सांगितली, तर शब्दच ऐकावेत.

देहबोली वाचून खोटे पकडता येते, हाही असाच एक समज आहे. बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा खरे-खोटे ओळखण्याचे सरासरी प्रमाण ५४ टक्के निघाले. नाणे उडवले तरी ५० मिळतात.

लेखी शब्दांपुरते बोलायचे झाल्यास क्रुगर, एपली आणि सहकाऱ्यांचा २००५ चा अभ्यास पाहण्यासारखा आहे. उपरोधाने किंवा गंभीरपणे लिहिलेली वाक्ये ई-मेलने पाठवणाऱ्यांना वाटत होते की सुमारे ७८ टक्के वेळा आपला सूर ओळखला जाईल. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळा ओळखला गेला. तीच वाक्ये आवाजात ऐकवली तेव्हा प्रमाण सुमारे ७३ टक्के होते. खडूफळा यांनी सांगितलेल्या टकटकीचीच ही लेखी आवृत्ती आहे. उंटावरचा शहाणा यांनी आपल्या विनोदांखाली तशी सूचना द्यावी, ही विनंती.

शब्दसंपन्न

आभारी आहे. मला ही माहिती नोकरीतील एका प्रशिक्षणात रंगीत वर्तुळाच्या तीन फाकांच्या रूपात मिळाली होती. वर्तुळ इतके देखणे होते की विचारावेसेच वाटले नाही.

सांजसावली

इथे सगळे जण जास्त बोलणाऱ्यांविषयी लिहीत आहेत, म्हणून माझ्यासारख्यांचीही बाजू यावी. वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा घसा कोरडा पडत असे. हा विषय मी घेतला नव्हता, तो अनिवार्य होता.

पहिल्या आठवड्यात आमच्याकडून जेम्स मॅक्क्रॉस्की यांची २४ विधानांची प्रश्नावली भरून घेतली. तीत गटचर्चा, बैठक, दोघांतील संभाषण आणि श्रोत्यांसमोरचे भाषण अशा चार प्रसंगांतील भीती वेगवेगळी मोजली जाते. तोवर मी स्वतःला सरसकट 'बोलता न येणारी' समजत होते. निकाल पाहिला तर दोघांतील संभाषणात माझी भीती वर्गाच्या सरासरीपेक्षाही कमी होती. सगळा भार बैठक आणि भाषण या दोन रकान्यांत होता. त्या कागदाने भीती घालवली नाही, परंतु तिला कुंपण घातले. त्यानंतर बैठकीत बोलायचा मुद्दा मी आधी एखाद्या व्यक्तीला एकटे गाठून सांगू लागले आणि मग बैठकीत ती व्यक्ती निदान मान डोलावत असे. नोकरीतही मी अजून हेच करते.

अर्धविराम, तुम्हाला भीती नसेल. पण हा धागा वाचणाऱ्या कुणाला असेल, तर प्रसंगनाट्ये सर्वांसमोर करावी लागतात की जोडीजोडीने, हे आधी विचारून घ्यावे. आमच्याकडे ती सर्वांसमोर होती आणि त्या तीन आठवड्यांविषयी मला काहीही चांगले लिहायचे नाही.

उंटावरचा शहाणा

(विनोद, आकडेमोड यांच्या सूचनेनुसार.) 'जोहारी खिडकी' (आपल्याविषयी आपल्याला आणि इतरांना काय दिसते, याची चार कप्प्यांची आकृती) हा पाठ शिकताना मी परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत असे समजत होतो की जोहारी नावाचे कुणी रत्नपारखी गृहस्थ असावेत आणि माणसाची पारख करण्यासाठी ते खिडकीत बसत असावेत. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोघांनी १९५५ मध्ये आपल्या नावांचे तुकडे जोडून तो शब्द बनवला हे कळल्यावर माझा त्या विषयातील रस थोडा कमी झाला. तरी त्या चार कप्प्यांपैकी 'इतरांना दिसते पण आपल्याला दिसत नाही' हा कप्पा उपयोगी आहे. माझ्या त्या कप्प्यात बरेच सामान निघाले. गंभीर प्रश्न आला की मी विनोद करून निसटतो, हे मला तिथे समजले. (हा विनोद नव्हता.)

निरुक्त

थोडे विषयांतर, परंतु फार दूरचे नाही. या अभ्यासक्रमांत 'मी-विधाने' शिकवतात. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचे विद्यार्थी थॉमस गॉर्डन यांची ती देणगी. 'तू बेजबाबदार आहेस' असे न म्हणता 'जेव्हा तू कळवत नाहीस, तेव्हा मला काळजी वाटते, कारण…' असे म्हणावे, असा तो साचा. तत्त्व उत्तम आहे, पण मराठीत तो साचा जसाच्या तसा उच्चारला की समोरचा माणूस 'हे कुठून पाठ करून आलास?' असेच विचारणार.

खरे पाहता मराठीला त्याची तितकी गरजही नाही. आपल्याकडे राग येतो, वाईट वाटते, जीव टांगणीला लागतो. भावना माणसाकडे चालत येतात आणि वाक्यात 'तू' नसला तरी काही अडत नाही. 'रात्रभर डोळा लागला नाही' हे पुरेसे मी-विधान आहे. दोषारोप आपण करतो तो 'तू' या शब्दाने नव्हे, तर 'च', 'तरी', 'सुद्धा', 'निदान' यांच्या आडून. 'निदान एक फोन तरी करायचा' या वाक्यात ना मी आहे ना तू, पण ऐकणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत हे नेमके कळते. मराठीतून हा विषय शिकवायचा तर एक तास या अव्ययांना द्यायला हवा.

खडूफळा

निरुक्त, पुढच्या सत्रापासून तो तास तुमच्या नावे. 'निदान' आणि 'तरी' एकाच वाक्यात आले की भांडण किमान दहा मिनिटे चालते, असे निरीक्षण माझ्याकडेही आहे. फक्त त्याला नाव नव्हते.

दुर्बीण

अर्धविराम हे टोपणनाव पाहून एक आठवले. पॉल वॉट्झलाविक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये असे मांडले की भांडणारी माणसे एकाच घटनाक्रमाला वेगवेगळ्या ठिकाणी विरामचिन्हे देतात. त्यांच्या उदाहरणातील नवरा म्हणतो, ती टोचून बोलते म्हणून मी गप्प होतो. बायको म्हणते, तो गप्प होतो म्हणून मी टोचून बोलते. घटना त्याच, क्रम तोच. पूर्णविराम कुठे दिला यावर अपराधी ठरतो. मी हे परीक्षेत अचूक लिहिले होते. सोबत्याबरोबरच्या भांडणात मात्र माझा पूर्णविराम नेहमी त्याच्या वाक्यानंतर पडत असे, आणि आधी मी काय केले होते ते मागच्या परिच्छेदात राहून जाई.

अर्धविराम

सर्वांचे आभार. चौकशी केली. वर्गात ३४ जण आहेत आणि प्रसंगनाट्ये जोडीने आहेत. एक प्रश्न उरतो. पारिजात, तुम्ही ते 'आपल्या शब्दांत परत सांगणे' आजही वापरता का? आणि वापरताना ते कृत्रिम वाटत नाही का?

पारिजात

वाटते, पहिली दोन वर्षे फारच वाटे. आता मी ते रोज वापरत नाही. समोरच्याचे बोलणे ऐकताना उत्तर माझ्या तोंडाशी तयार झालेले असेल, तेव्हाच वापरते, कारण तीच खूण असते की मी ऐकणे थांबवले आहे.

'सक्रिय श्रवण' (हे परत सांगणे त्याचाच भाग) हा शब्द रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये रूढ केला, तेव्हा ऐकणाऱ्याने स्वतः बदलण्याची जोखीम पत्करावी, अशी त्यांची अपेक्षा होती. दूरध्वनीवरच्या त्या कर्मचाऱ्याचे वाक्य तुम्हाला पोकळ वाटते, कारण तुमचे ऐकून त्याला काहीही बदलण्याची मुभा नसते. वाक्य तेच असले, तरी तुमच्या बहिणीशी बोलताना तुमची स्थिती तशी नाही.

अर्धविराम

तीन महिन्यांनी धागा वर काढतो आहे, त्याबद्दल क्षमस्व. विषय घेतला आणि सत्र संपत आले आहे.

दुर्बीण यांनी दिलेला इशारा खरा ठरला. दुसऱ्या महिन्यात मी इतका असह्य झालो होतो की एका मित्राने, मी त्याचे वाक्य तिसऱ्यांदा परत सांगितल्यावर, 'तुला ऐकू येत नाही का?' असे काळजीने विचारले. अंतराचे टप्पेही पाठ केले: ४५ सेंटीमीटर, १.२ मीटर, ३.६ मीटर. ही मापे मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी प्रामुख्याने अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मध्यमवर्गीय माणसांच्या निरीक्षणावरून काढली आणि ती सर्वांना लागू धरू नयेत असे त्यांनीच बजावले होते, हे आमच्या टिपणांत नव्हते. मी ते उत्तरपत्रिकेत लिहिले आणि अर्धा गुण अधिक मिळाला. थोडक्यात, चूक दाखवण्याची सवय गेलेली नाही.

संभाषण लिहून काढण्याचे काम आम्हालाही होते. मी बहिणीची परवानगी घेतली आणि सुट्टीत घरी कुणी काय काम करायचे यावरचे आमचे नऊ मिनिटांचे बोलणे मुद्रित केले. लिहायला चार तास लागले. त्यात मी 'हो, पण' असे चौदा वेळा म्हटले आहे, आणि त्यांपैकी सहा ठिकाणी 'पण'नंतर मी जे म्हटले ते तिच्या म्हणण्याशी पूर्ण जुळणारे आहे. म्हणजे मतभेद नसतानाही मी सहा वेळा विरोध केला. तिने मला तीन प्रश्न विचारले होते आणि त्यांतील एकाचेही उत्तर कागदावर सापडले नाही.

प्रत जमा करण्याआधी ती तिला वाचायला दिली. तिने शांतपणे सगळी वाचली आणि चौथ्या पानावर पेन्सिलीने एक खूण केली. तिथले तिचे एक वाक्य मी लिहून घेतानाही अर्धवट सोडले होते. मुद्रण पुन्हा ऐकले, तेव्हा ते पूर्ण निघाले. सुट्टीत ती घरी नसणारच होती, असे ती म्हणत होती.

मितभाषी

आता खगोलशास्त्र घ्या.